आयोगाची शेजपाळी

दिल्लीतला नियोजन आयोग १५ मार्च १९५० रोजी स्थापन झाला आणि १ जानेवारी २०१५ पासून त्याच्या जागी नीती आयोग आला. आमच्या अकोल्यातला नियोजन आयोग मात्र अजून चालू आहे. तो एकसदस्यीय आहे, त्याच्या दावणीला दोन गाई आहेत, आणि सकाळचं दूध डेअरीला घालून झालं की साडेआठला तो रजिस्टर काखेत मारून चहाच्या टपरीवर हजर असतो.

अकोले म्हणजे अकोला नव्हे, हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढं हा घोळ येणार आहे. अकोला विदर्भातलं. आमचं अकोले प्रवरेकाठचं, अगस्ती ऋषींचं, नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आता अहिल्यानगर जिल्ह्यातलं. मूळ नावांत फरक आहे, पण विभक्ती लागली की दोन्ही गावं एक होतात: अकोल्याला, अकोल्यात, अकोल्याचा. मराठी व्याकरणाने आमच्यावर केलेला हा अन्याय आहे, आणि त्यापायी आमची कितीतरी पार्सलं आधी विदर्भदर्शन करून मग घरी येतात.

आयोगाला खरं नाव आहे. रेशनकार्डावर ते छापलेलंही आहे. पण त्याची बायकोसुद्धा फोनवर "आयोग गोठ्यात आहेत, नंतर करा" असं सांगते. नोकरी पाटबंधारे खात्यात, कालवा निरीक्षकाची. आता ज्यांच्या शिवारात कधी पाट आला नाही त्यांना सांगायला हवं, की कालवा निरीक्षक हा माणूस पाणी देत नाही, पाळी देतो. पाणी नेहमी कमी आणि शेतकरी नेहमी जास्त. प्रत्येकाला आपलं रान आधी भिजायला हवं. तेव्हा आधी सगळ्यांकडून सात नंबरचे अर्ज भरून घ्यायचे, मग कुणाचं पाणी कुठल्या वारी, किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, याचा तक्ता करायचा. त्याला शेजपाळी म्हणतात. पाणी द्यायचं शेपटाकडून मुखाकडे, नाहीतर मुखाजवळचे पिऊन घेतात आणि शेपटाला नुसती ओल पोचते. ही कला आयोगाने नोकरीत इतकी घोटली, की निवृत्तीनंतर ती अंगात तशीच राहिली आणि कालवा तेवढा गेला. मग त्याने आम्हाला धरलं.

आम्ही म्हणजे दहावीचे आठ जण. सुभेदार, जनावरांचा डॉक्टर, वकील, मेडिकलवाला, पतसंस्थेचा मॅनेजर, खतवाला, बागायतदार आणि मी, मास्तर. आमच्या आधीच्या सहली आयोगानेच काढल्या होत्या, आणि त्यात कुणाची चप्पलसुद्धा हरवली नव्हती. पण त्या देशांतर्गत होत्या. परदेशाचं खूळ सुभेदाराने आणलं, तेही गोल्फमधून.

गोल्फ म्हणजे आमच्या लेखी नाशिकचं गोल्फ क्लब मैदान. त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथं रणजीचे सामने होतात, सभा होतात, पहाटे लोक चालायला येतात. गोल्फ तेवढं आम्ही कधी पाहिलं नाही. सुभेदाराने मात्र ते लष्करात जवळून पाहिलं होतं. साहेब लोक खेळायचे आणि हा हिरवळ राखायचा. राखता राखता शिकला, शिकता शिकता साहेबांच्या चुका काढायला लागला, आणि निवृत्तीच्या वेळी एका साहेबाने आपल्या जुन्या सात काठ्या पिशवीसकट त्याच्या हवाली केल्या. त्या प्रेमाने दिल्या, की हा एकदाचा जातोय म्हणून दिल्या, ते सुभेदार सांगत नाही.

सोयाबीन निघाल्यावर सुभेदाराचं दीड एकर रान मोकळं पडतं. तिथं शाळा भरली. गोल्फच्या भोकाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. आयोगाने ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा जमिनीत गाडला. मेडिकलवाला म्हणाला, "दोन मिलिमीटर जास्त झाला की." आयोग म्हणाला, "एकशेदहा बाहेरनं. आतनं कमीच भरतोय. बरंय, सराव कडक पाहिजे."

सराव कडक झाला. खतवाला काठी अशी उचलायचा, की समोर बाभळ आहे असं वाटावं. डॉक्टरला जनावरांच्या मागं उभं राहायची सवय, तो चेंडूच्याही मागं उभा राहायचा. वकील प्रत्येक फटक्यानंतर तो फटका का धरू नये याची कारणं द्यायचा. मी लहानपणी विटीदांडूत बरा होतो, त्यामुळे चेंडू आधी कोलायचा मोह मला शेवटपर्यंत आवरला नाही. रानाच्या बांधाला लागून बागायतदाराचा ऊस होता. सेहेचाळीस ग्रॅमचा चेंडू त्यात शिरला की संपलं. उसात शिरून शोधायला कुणी धजेना, कारण आमच्याकडे हल्ली उसात बिबट्याही असतो. आयोगाने रजिस्टरात पान पाडलं: "उसात गेलेले चेंडू. तोडीनंतर परत येणे." आणि खाली उभ्या रेघा मारायला सुरुवात केली, चार उभ्या आणि पाचवी आडवी.

त्या रजिस्टराच्या पहिल्या पानावर फक्त एवढंच होतं: "परदेश गोल्फ सहल. पंचवार्षिक योजना. ८ + १." आठ म्हणजे आम्ही. गोल्फला चार-चारांच्या गटाने सोडतात, त्यामुळे आकडा चाराच्या पटीतला हवा. सात झाले तर एक चौकडी लंगडी, नऊ झाले तर एक माणूस एकटाच भुतासारखा मागून येणार. हे आयोगानेच आम्हाला समजावलं होतं. मग हा अधिक एक कोण, ते कुणी विचारलं नाही. भिशी सुरू झाली तेव्हा तिच्यातही नऊ हिस्से होते. आम्ही म्हटलं, आठ आपण आणि नववा हा. हिशोब बरोबर.

भिशीचे पैसे ठेवायचे कुणाकडे, यावर एकमत लगेच झालं. पतसंस्थेच्या मॅनेजरकडे ठेवायचे नाहीत. तो स्वतःच म्हणाला, "माझ्याकडं नका ठेवू, मलाच झोप येणार नाही."

पाच वर्षं जास्त वाटतील. पण आमच्या तालुक्यात काळाचं माप वेगळं आहे. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९१० साली सुरू झालं ते १९२६ साली पुरं झालं. ते तरी इंग्रजांनी बांधलं म्हणून झटपट. निळवंड्याची कल्पना १९७० सालची, आणि त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं ऑक्टोबर २०२३ मध्ये. अशा ठिकाणी पाच वर्षांत आठ माणसं विमानात बसवतो म्हणणारा माणूस घाईचाच म्हणायला हवा.

देश ठरवण्यात पहिलं वर्ष गेलं. सुभेदाराला स्कॉटलंड हवं होतं, सेंट अँड्र्यूज, गोल्फची पंढरी. आयोगाने महिनाभर अभ्यास केला आणि टपरीवर अहवाल वाचून दाखवला. तिथल्या जुन्या मैदानात एके काळी बावीस भोकांचा डाव होता, १७६४ साली तो अठराचा केला, आणि मग जगाने अठराच धरले. "म्हणजे कपात त्यांच्याकडंबी झाली," हे आयोगाचं भाष्य. रविवारी मैदान खेळाला बंद, गावची माणसं तिथं कुत्री घेऊन फिरतात. इथपर्यंत ठीक होतं. पण आधी पक्की वेळ मिळाली नाही, तर नशीब काढायला दोन दिवस आधी सोडत निघते, हे वाचल्यावर आयोगाने चष्मा काढला.

"सोडत? म्हणजे आठ माणसं सातासमुद्रापार न्यायची आणि तिथं जाऊन चिठ्ठ्या बघायच्या? पाणी सुटणार का नाही हे माहीत नसताना मी कधी सारे धरायला सांगितले का कुणाला?"

शिवाय त्या मैदानाला हँडिकॅपचा दाखला लागतो. खेळाडू किती कच्चा, याचा तो आकडा. मेडिकलवाल्याने शब्द तेवढाच ऐकला आणि म्हणाला, "दाखल्याचं माझ्याकडं लागलं. जिल्ह्याला आपली ओळख हाय. किती टक्क्याचा पाहिजे?" त्याला गप्प करावं लागलं. आमच्या खेळाकडे पाहता कुठल्याही डॉक्टरने तो दाखला न तपासता दिला असता, ही गोष्ट वेगळी.

आणि तिसरं कारण आयोगाने अगदी शेवटी, जरा पुटपुटल्यासारखं सांगितलं: "घड्याळात साडेपाच तासांचा फरक पडतो. उन्हाळ्यात साडेचार. यांना उठवायचं कसं?"

तेव्हा आम्हाला हे विनोदी वाटलं होतं.

थायलंडचं नाव बागायतदाराने काढलं. तिथं गोल्फची मैदानं मुबलक, प्रत्येकामागे कॅडी, बहुतेक ठिकाणी ती बाई असते, आणि ती छत्रीसुद्धा धरते. ही माहिती कुणीतरी घरी सांगितली. त्या संध्याकाळी अकोल्यातल्या सहा-सात घरांत भाकरी करपली. दुसऱ्या दिवशी टपरीवर थायलंडचं नाव कुणी घेतलं नाही. आयोगाने रजिस्टरात लिहिलं: "थायलंड: स्थानिक विरोधामुळे रद्द."

मग आयोगाने लंका काढली. आणि इथं मला त्याच्या बुद्धीची कमाल वाटली, कारण त्याने ती गोल्फकडून काढलीच नाही, अगस्तीकडून काढली. आमच्याकडे प्रत्येक पोराला माहीत असतं, की वनवासात राम अगस्तींच्या आश्रमात, म्हणजे प्रवरेकाठी आमच्याकडे आले आणि ऋषींनी त्यांना बाण दिला. रावण पडला तो त्याच बाणाने. रामायणात तर युद्धाच्या ऐन वेळी अगस्ती स्वतः लंकेत येऊन रामाला आदित्यहृदय सांगतात. "म्हणजे अकोल्यातनं लंकेला गेलेला पहिला माणूस कोण?" आयोगाने विचारलं. टपरीवर कुणाला उत्तर द्यायचं धाडस झालं नाही. त्याने आणखी एक पुरावा ठेवला. तिकडे पोलोन्नरुवा इथं कातळात कोरलेला एक दाढीवाला पुतळा आहे, हातात पोथीसारखं काहीतरी धरलेला. कुणी म्हणतात राजा पराक्रमबाहू, कुणी म्हणतात पुलस्ती, आणि कुणी अगस्ती. "आपण अगस्तीच धरायचं," आयोग म्हणाला, जणू ठराव मांडतोय.

सीतामाईचं मंदिर नुवारा एलियाजवळ आहे, अशोकवाटिका तिथलीच म्हणतात, आणि त्याच गावात इंग्रजांच्या काळातलं गोल्फचं मैदानही आहे. घरची परवानगी दोन दिवसांत आली. देवदर्शनाला नाही कोण म्हणणार?

तारीख काढणं हे खरं काम. आयोगाने आम्हा प्रत्येकाकडून सात नंबर भरून घेतला. अर्जावर रकाने: नाव, कोणते दिवस जमणार नाहीत, कारण. जून-जुलै भातलावणीचे. आषाढात डॉक्टर अगस्ती ऋषींच्या दिंडीबरोबर पंढरपूरला. पावसाळाभर बागायतदाराचा टोमॅटो. दसऱ्याला खतवाल्याला दुकान सोडवत नाही. दिवाळीनंतर लग्नं. वकिलाला कोर्टाच्या सुट्टीत मोकळीक, पण तेव्हाच बायकोचं माहेर. मॅनेजरला मार्चमध्ये हलता येत नाही. मधूनमधून निवडणुका. अकोल्यात निवडणूक नाही असा महिना सापडणं अवघड. ग्रामपंचायत, सोसायटी, कारखाना, काहीतरी असतंच. आयोगाने कॅलेंडरवर लाल पेनाने फुल्या मारल्या आणि वर्षभराचं कॅलेंडर गोवर उठल्यासारखं दिसायला लागलं. स्वच्छ राहिलेली जागा फक्त एक होती: माघ पौर्णिमा ते महाशिवरात्री. महाशिवरात्रीला अगस्तीची यात्रा, त्याआधी परत यायलाच हवं. तेरा-चौदा रात्री सापडल्या, त्यातल्या सहा घेतल्या. तिकडे डोंगरात कोरडी हवा असते तीही याच दिवसांत.

"निघायचा दिवस पौर्णिमा," आयोगाने जाहीर केलं. "शुभ."

शुभ कशासाठी ते विमानातून उतरल्यावर कळलं. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमा म्हणजे पोया, सरकारी सुट्टी, आणि त्या दिवशी देशभर दारूविक्री बंद. खतवाल्याने विमानतळापासून हॉटेलपर्यंत चार ठिकाणी विचारलं. चारही ठिकाणी त्याला अतिशय नम्रपणे फळांचा रस मिळाला. रजिस्टराच्या त्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: "पहिली रात्र कोरडी. सगळे वेळेवर झोपतील. मिरवणुकीचे हत्ती दिसल्यास पाहणे." हत्ती दिसले. कोलंबोच्या गंगारामय विहाराची नवम पेराहेरा याच पोयाच्या सुमारास निघते, आणि खतवालासुद्धा हातातला रस विसरून बघत राहिला.

पण मी पुढं गेलो. त्याआधी भंडारदऱ्याची रात्र सांगायला हवी.

खोल्या दोघांत एक अशा होत्या. कोण कुणाबरोबर झोपणार, यावर आयोगाने दीड महिना विचार केला आणि शेवटी म्हणाला, की अंदाजाने काम होणार नाही, पाहणी करावी लागेल. नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी त्याने आम्हाला भंडारदऱ्याला नेलं. जेवणं झाली. आठ गाद्या एका ओळीत. आम्ही झोपलो. आयोग झोपला नाही. मला मध्यरात्री जाग आली तेव्हा तो कोपऱ्यात खुर्चीवर, अंगावर घोंगडी, कपाळाला बॅटरी बांधून बसला होता, आणि लिहीत होता. मान वर न करता हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, झोप. तुझं अजून घ्यायचंय."

सकाळी अहवाल. मी तो पाहिला आहे, तेव्हा शब्दाशब्दाला जबाबदार आहे. "वकील: १.२० पासून. विद्युत पंप, एअर धरलेला. डॉक्टर: कुशीवर शांत, उताणा झाल्यास मळणी यंत्र. खतवाला: घोरत नाही, बोलतो. उधारीबद्दल. मॅनेजर: झोपत नाही. मास्तर: शिट्टी. बागायतदार: घोरतो पण इतरांचं ऐकू येत नाही, कुणाहीबरोबर चालेल. सुभेदार: ४.३० ला उठून सर्वांना उठवतो, वेगळी खोली दिल्यास बरे. मेडिकलवाला: नोंद घेता आली नाही, वकिलाच्या आवाजात दबला."

त्यावरून शेजपाळी लागली. झोपत नसलेल्या मॅनेजरला उधारीबद्दल बोलणाऱ्या खतवाल्याबरोबर टाकलं. दोघांचं इतकं जमलं, की परत आल्यावर खतवाल्याने पतसंस्थेत खातं काढलं.

कपड्यांचं थोडक्यात. कॉलरचा टी-शर्ट हवा, जीन्स नको, हातमोजा एकच आणि तो डाव्या हातात. खतवाल्याने पैसे देऊन जोडी मागवली होती. डावा मोजा आला, उजवा का नाही म्हणून त्याने दुकानदाराशी भांडण काढलं. ते पार्सलही आधी विदर्भातल्या अकोल्याला जाऊन आलं होतं. पासपोर्ट सगळ्यांचे सहा महिने पुढंपर्यंत चालू असले पाहिजेत, हे आयोगाने दोन वर्षं आधी तपासलं. निम्म्यांच्या कागदांवर जिल्ह्याचं नाव जुनं, निम्म्यांच्या नवं. त्याने प्रत्येकाची फाइल केली. आठ फाइली. नववी नव्हती. ते मला तेव्हा दिसायला हवं होतं.

निघायचा दिवस. घोटीवरून कसारा घाटाने मुंबई गाठायला पाच तास, आणि मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच. आयोग म्हणायचा, अवघड भाग आधी उरकतो, पुढं नुसतं बसायचंय. पहाटे अडीचला जीप उभी राहिली. त्याने प्रत्येकाच्या हातात पाकीट दिलं: पैसे, पत्ते, गोळ्या, आणि रजिस्टराची झेरॉक्स. मूळ रजिस्टर त्याच्या काखेतच. नारळ फोडला. जीपचं दार लावलं, बाहेरून.

"अरे, तू?" सुभेदार म्हणाला.

"मी काय?"

"बस की."

"मी कुठं बसतो?" त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "साडेपाचला धार काढायचीय. ती तांबडी दुसऱ्याला हात लावू देत नाही, पाय झाडते. आणि पाणी सोडणारा कधी शेपटाला जाऊन बसतो का? मग गेट कोण बघणार?"

"पण नववा हिस्सा भरलास ना पाच वर्षं?"

"तो राखीव हाय. तूट पडली तर. जा आता, कसाऱ्याला ट्रॅफिक लागंल."

घोटीपर्यंत जीपमध्ये कुणी बोललं नाही. मग वकील म्हणाला, "याचा पासपोर्टच नाहीये." ते एवढ्या वर्षांत एका वकिलाच्याही लक्षात आलं नव्हतं.

लंकेचं घड्याळ आणि आपलं घड्याळ एकच आहे, मिनिटाचाही फरक नाही. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला कळलं, जेव्हा चारही खोल्यांत ओळीने फोन वाजले. पाठीमागे गाय हंबरत होती. "उठा. ६.५० ची पाळी हाय. गाडी सहाला खाली. वकिलाला पाणी मारा."

रॉयल कोलंबो गोल्फ क्लब १८७९ सालचा. झाडं, पाणी, हिरवळ अशी की बागायतदाराने खाली वाकून हाताने चाचपली आणि कॅडीला विचारलं खत काय घालता. खेळाबद्दल जास्त सांगण्यात अर्थ नाही. सुभेदार सुंदर खेळला. बाकीच्यांचं कॅडींनी मन लावून केलं. वकिलाचा चेंडू कुठंतरी गेला आणि आम्ही सात जण झुडपात वाकलेलो असताना फोन थरथरला.

"गाडी गेली का?"

"कुठली गाडी?"

पलीकडे शांतता. "आरं मैदानातनं रेल्वे जाते तिथं. केलानी व्हॅलीची. पान एक्केचाळीस. आता जाऊन चार मिनिटं झाली असतील."

आमच्यापैकी कुणालाच काही दिसलं नव्हतं. आवाज आला होता, पण तो डॉक्टरला मळणी यंत्राचा वाटला.

कँडीकडे व्हिक्टोरियाचं मैदान धरणाच्या पाण्याला लागून आहे. त्या दिवसाच्या पानावर एक ओळ होती, जिचा गोल्फशी संबंध नव्हता: "धरण. ४० मिनिटं. कुणालाही घाई करू देऊ नये." आम्ही गेलो. फोन ठरल्यासारखा आला, व्हिडिओवर. या वेळी त्याने कुणाची चौकशी केली नाही. "मास्तर, जरा कॅमेरा फिरव भिंतीकडं." मी फिरवला. "डावीकडं. हळू." एकशे बावीस मीटर उंचीची, दोन्ही अंगांनी वाक दिलेली कमानीची भिंत, १९८५ सालची. मागं पाणी शांत. तो काहीच बोलेना. मला वाटलं, नेट गेलं. मग लक्षात आलं, की पडद्यावर त्याचा चेहरा हलतोय, तो डोळे बारीक करून बघतोय. मागं गोठ्यात कुणीतरी बादली आपटली तेव्हा तो म्हणाला, "कमान हाय. पाणी रेटतंय तसं ती दोन्ही डोंगरांवर भार देती. आपलं भंडारदरा वजनावर उभं हाय." आणि थोड्या वेळाने, "हं. ठेव आता. बिल वाढंल."

नुवारा एलिया कळसूबाईपेक्षा सव्वादोनशे मीटर उंच. थंडी वाजली. सीतामाईचं दर्शन झालं, घरोघरी फोटो गेले, खतवाल्याने कोरड्या पौर्णिमेची भरपाई केली. सगळी बरीच मजा झाली, आणि ती बहुतेक रजिस्टरात लिहिलेल्या वेळांनाच झाली.

सोमवारी परत आलो. जीपपाशी आयोग उभा, एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात दुधाची जुनी बादली. बादलीत गोल्फचे चेंडू. आम्ही तिकडे असताना बागायतदाराच्या उसाला तोड आली होती. "उसात गेलेले एकसष्ट. कोयतेवाल्यांच्या पोरांनी चव्वेचाळीस काढून दिले, एकाला एक रुपया. बाकी मोळीबरोबर गव्हाणीत गेले असतील." मग त्याने प्रत्येकाला पाकीट दिलं, उरलेल्या पैशांचं, एकशे अठरा रुपये. राखीव निधी शाबूत होता. दुसऱ्या पंचवार्षिकच्या पानावर त्याने "८ + १" लिहूनही ठेवलं होतं.

चार दिवसांनी टपरीवर संगमनेरचा एक पाहुणा बसला होता. कुणीतरी लंकेचा विषय काढला. आम्ही सांगायला लागलो, पण आमच्याकडे काय होतं? थंडी होती, हिरवळ चांगली होती, डॉक्टर कुणाच्या तरी खोलीत उताणा झोपला. मग आयोगाने सूत्रं घेतली. कोलंबोत मैदानाच्या मधून रेल्वे कशी जाते, कॅडी कसे थांबतात, कँडीजवळ धरणाची भिंत दोन्ही अंगांनी कशी वाकलीय, तिच्यावर उभं राहिलं की पाण्याचा रेटा पायाला कसा कळतो. पाहुण्याचा चहा गार झाला.

"तुम्ही कधी गेला होता, साहेब?" त्याने विचारलं.

"सोमवारीच आलो ना," आयोग म्हणाला.

मॅनेजरने ग्लास खाली ठेवला. तो काहीतरी बोलणार असं वाटलं. मग त्याने वळून चहावाल्याला नऊ कटिंग सांगितले.